रूट पार्टिशन पुन्हा पुन्हा भरतंय? आधी आखणी तपासा

लिनक्सच्या लॅपटॉपवर, डिस्कवर दीडशे जीबी रिकामे पडलेत, आणि अपडेट मात्र ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असं म्हणत अर्ध्यातच थांबतं. तुम्ही डाउनलोड्स रिकामं करता, जुने व्हिडिओ उडवता, कचरापेटी साफ करता. फाइल मॅनेजरमधला मोकळ्या जागेचा आकडा वाढतो, संदेश मात्र तोच. मग कुठून तरी पॅकेजांची कॅशे, म्हणजे अॅपांच्या उतरवून ठेवलेल्या फाइली, साफ करायची युक्ती कळते, दोन-तीन जीबी सुटतात, अपडेट पार पडतं. तीन आठवड्यांनी ये रे माझ्या मागल्या.

हे दुखणं मी जवळजवळ वर्षभर अंगावर काढलं. लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी, त्यावर फक्त लिनक्स. इन्स्टॉल करताना मोठ्या हौसेने चार पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे कप्पे, पाडली होती: ईएफआयला (लॅपटॉप सुरू होतो तो कप्पा) अर्धा जीबी, रूटला (म्हणजे /, जिथे सिस्टम राहते) २५, त्याला लागून ८ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) आणि उरलेलं सगळं /होमला (आपल्या स्वतःच्या फाइलींना). रूटला २५ का, तर कुठल्याशा जुन्या मार्गदर्शिकेत ‘वीस पुरे’ असं वाचलं होतं, त्यात मी आपले पाच वाढवले. तो सल्ला त्याच्या काळात चुकीचा नव्हता. पण फ्लॅटपॅक, स्नॅप आणि कंटेनर आल्यापासून एकेक अॅप आपापल्या लायब्ऱ्यांचा संसार सोबत घेऊन येतं, आणि तो संसार मांडला जातो /व्हार मध्ये, म्हणजे रूटच्याच पार्टिशनवर. /होममधले व्हिडिओ उडवून तिथे काडीचा फरक पडत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

(कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि बहुतेक लहान अक्षरांत. फक्त ‘२००एम’ मधला एम, ‘+एल१’ मधला एल आणि ‘रिझ्यूम=नन’ मधला रिझ्यूम हे मोठ्या अक्षरांत.)

आधी नक्की काय भरलंय ते बघा

‘डीएफ -एच’ चालवा. प्रत्येक पार्टिशनची वेगळी ओळ दिसेल. /, /बूट, /बूट/ईएफआय आणि /होम यांपैकी शंभर टक्क्यांच्या जवळ कोण आहे ते पाहा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. फाइल मॅनेजरच्या तळाशी दिसणारा आकडा फक्त त्या क्षणी उघडलेल्या फोल्डरच्या पार्टिशनचा असतो, आणि आपण बहुतेक वेळ /होममध्येच असतो. गैरसमजाचं मूळ तिथे आहे.

जागा शिल्लक दिसते आणि तरी तक्रार येते, असं असेल तर ‘डीएफ -आय’ चालवा. एक्स्ट४ फाइलसिस्टम (पार्टिशनवर फाइली मांडायची लिनक्सची नेहमीची पद्धत) बनतानाच आयनोडची, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागांची, संख्या ठरून जाते, सर्वसाधारणपणे दर १६ केबीमागे एक. लाखो चिमुकल्या फाइली साठवणारं काहीतरी चालू असेल तर जागा उरते पण आयनोड संपतात. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

रूटच भरलं असेल तर कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते बघायला ‘सुडो डीयू -एक्सएचडी१ /’ चालवा. यातला एक्स महत्त्वाचा. तो नसेल तर डीयू /होममध्येही शिरतं आणि आकड्यांची खिचडी होते. वाचायला सोपं हवं असेल तर ‘सुडो एनसीडीयू -एक्स /’. बाणांच्या कळांनी आत-आत शिरत जायचं. डीयूला माझ्या रूटवर जे दिसलं त्यात /यूएसआर साधारण नऊचं होतं, आणि जवळजवळ बाकी सगळं /व्हार मध्ये.

नेहमीचे संशयित असे: फ्लॅटपॅक /व्हार/लिब/फ्लॅटपॅकमध्ये, स्नॅप /व्हार/लिब/स्नॅपडीमध्ये आणि कंटेनर चालवणारं डॉकर /व्हार/लिब/डॉकरमध्ये. सिस्टमडीचं (लिनक्स सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) जर्नल, म्हणजे नोंदींचा साठा, काही सांगितलं नसेल तर पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत किंवा ४ जीबीपर्यंत वाढू शकतं, यातलं जे कमी असेल तिथवर. २५ जीबीच्या रूटवर अडीच जीबी नुसत्या नोंदींना! ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ ने ते लगेच उतरतं. आर्च लिनक्स वापरणाऱ्यांनी पॅकमनची, म्हणजे तिथल्या पॅकेज मॅनेजरची, कॅशे पाहावी. ती आपण होऊन कधीच साफ होत नाही.

टाइमशिफ्टबद्दल, म्हणजे सिस्टमचे स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या प्रती) ठेवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा तेच निघतं. आरसिंक (फाइली कॉपी करायच्या) पद्धतीत त्याचा पहिला स्नॅपशॉट म्हणजे तुमच्या अख्ख्या सिस्टमची प्रत. ती रूटवरच ठेवायला सांगितली असेल तर १२ जीबीच्या सिस्टमचे क्षणात २४ जीबी होतात. टाइमशिफ्ट उत्तम हत्यार आहे, पण त्याचा साठा बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या लिनक्स पार्टिशनवर ठेवा. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमवर गणित वेगळं. तिथे स्नॅपशॉट घेताना जागा लागत नाही, मात्र नंतर तुम्ही फाइल उडवलीत तरी जुना स्नॅपशॉट तिला धरून ठेवतो. फाइली उडवूनही आकडा हलत नसेल तर आधी स्नॅपशॉट मोजा.

डीयूची बेरीज आणि डीएफचा आकडा जुळत नसतील

मला सगळ्यात जास्त छळलं ते इथे. डीएफ म्हणे २४ जीबी भरलेत, डीयूची बेरीज जाई १७ वर. मधले सात जीबी गेले कुठे?

पहिली शक्यता, उडवलेली पण अजून उघडी असलेली फाइल. एखादा प्रोग्रॅम लॉग लिहीत असताना ती फाइल आपण उडवली, तर नाव जातं, जागा मात्र तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत सुटत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ अशा फाइली दाखवतं. तो प्रोग्रॅम बंद करा किंवा लॅपटॉप रीस्टार्ट करा, जागा परत.

दुसरी शक्यता अधिक गमतीदार, आणि माझा चोर तिथेच सापडला. मी बॅकअपसाठी बाहेरची डिस्क /एमएनटी/बॅकअप या फोल्डरवर जोडत असे, आणि स्क्रिप्ट रोज रात्री तिथे प्रत टाकत असे. एके रात्री डिस्क जोडायची राहिली. स्क्रिप्टला त्याचं काय! तिला फोल्डर दिसलं, तिने प्रत टाकली, थेट रूटवर. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली आणि त्या सात जीबीवर झाकण पडलं. फोल्डर उघडलं की डिस्कवरच्या फाइली दिसत, खालच्या दबून राहत, आणि डीयूलाही त्या दिसत नसत.

हे तपासायला रूट दुसरीकडे जोडून (माउंट करून) बघायचं: एक रिकामं फोल्डर करा, समजा /एमएनटी/रूट, आणि ‘सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/रूट’ चालवा. तिथून पाहिलं की वर जोडलेल्या डिस्का नाहीशा होतात आणि खाली दडलेलं सगळं उघडं पडतं. काम झाल्यावर अनमाउंट करायला विसरू नका, आणि काही उडवण्याआधी तुम्ही खरोखर /एमएनटी/रूटच्या आतल्या बॅकअपच्या फोल्डरमध्येच आहात ना, हे दोनदा पाहा. स्क्रिप्टमध्ये ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क जोडली आहे का हे आधी विचारायची एक ओळ घातली की पुढची कटकट टळते.

तिसरी गोष्ट चोरी नाहीच. एक्स्ट४ मुळात ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (सिस्टमच्या प्रशासकासाठी, रूट पार्टिशन वेगळं) राखून ठेवतं, म्हणजे डिस्क भरली तरी सिस्टमचे स्वतःचे प्रोग्रॅम अडत नाहीत. रूटच्या पार्टिशनवर ती राहू द्या. पण /होम २०० जीबीचं असेल तर तिथे १० जीबी विनाकारण अडकलेत. ‘ट्यून२एफएस -एम १’ आणि पुढे त्या पार्टिशनचं नाव, एवढ्याने ८ जीबी सुटतात. डेटाला धक्का लागत नाही.

/बूट भरलं असेल तर

वेगळं /बूट (सिस्टम सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचं पार्टिशन) बहुधा त्यांच्याकडे असतं ज्यांनी इन्स्टॉल करताना अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली. इन्स्टॉलरने किंवा तुम्ही त्याला पाचेकशे एमबी दिले, तेव्हा ते भरपूर वाटले. पण प्रत्येक कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, एक इनिटरामएफएस प्रतिमा (सुरू होताना आधी चढणारी छोटी सिस्टम) येते. ती सहज पन्नास ते दीडशे एमबीची असते आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर आत घुसले की आणखी फुगते. चालू कर्नल, मागचा आणि अपडेटच्या वेळी येणारा नवा, असे तीन एकाच वेळी मावायला हवेत. पाचशेत ते कसेबसे बसतात, आणि मग अपडेट नेमकं नवी प्रतिमा बनवताना कोसळतं.

उबंटू-डेबियनच्या घराण्यात ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुने कर्नल काढतं. तेही अडलं, कारण अर्धवट पॅकेज आधी पूर्ण करायचंय आणि त्याला जागा नाही, तर ‘युनेम -आर’ ने चालू कर्नलचा क्रमांक बघा, तो सोडून सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल (म्हणजे तीच वरची प्रतिमा) हाताने काढा, मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’, आणि लगेच ऑटोरिमूव्ह. चालू कर्नलच्या फाइलला हात लावलात तर पुढच्या वेळी लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) शोधावा लागेल. फेडोराचं डीएनएफ मुळातच तीनच कर्नल ठेवतं, त्यामुळे तिथे हा प्रकार कमी.

आणि /बूट वेगळं असूनही एन्क्रिप्शन नसेल, तर ते वेगळं असायचं बहुतेक वेळा कारणच नाही. त्यातलं सगळं रूटवरच्या /बूटमध्ये कॉपी करा, एफएसटॅबमधली (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीतली) त्याची ओळ काढा, ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) पुन्हा बसवा आणि त्याचा मेनू नव्याने बनवा. दुखणं मुळासकट जातं.

भिंत सरकवायची, पण सोप्या बाजूने

साफसफाई करून रूट पुन्हा ऐंशी टक्क्यांवर आलं, तरी महिन्याभरात ते नव्वदीला जाणार असेल तर पार्टिशन वाढवणं भाग आहे. इथे एक नियम सगळं ठरवतो: पार्टिशन उजवीकडे वाढवणं सोपं, डावीकडे वाढवणं जड. एक्स्ट४ चालू असतानाच उजवीकडे वाढतं. पण रूटच्या उजवीकडे लगेच /होम असेल, तर रूटला जागा द्यायला /होमची डावी कड पुढे ढकलायची म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुढे सरकवायचा. ते लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच होतं, तासन्‌तास चालतं, आणि मध्ये बॅटरी संपली तर /होम गेलंच म्हणून समजा.

त्यामुळे ‘एलएसबीएलके -एफ’ किंवा जीपार्टेडमध्ये (पार्टिशनं बघायच्या-बदलायच्या प्रोग्रॅममध्ये) आधी बघा, रूटच्या उजवीकडे कोण बसलंय. माझ्याकडे स्वॅप होतं, आणि तिथेच सुटका झाली. स्वॅपला स्वतःचं पार्टिशन लागतंच असं नाही. रूटवर किंवा /होममध्ये एक फाइल करून तीही स्वॅप म्हणून वापरता येते. उबंटू १७.०४ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये हेच करतं. मी /होममध्ये ४ जीबीची स्वॅप फाइल केली, जुनं स्वॅप बंद केलं, एफएसटॅबमधली त्याची ओळ काढली, जीपार्टेडमध्ये ते पार्टिशन उडवलं आणि रूट उजवीकडे ताणलं. २५ चे ३३ झाले. लाइव्ह पेनड्राइव्ह नाही, रीस्टार्ट नाही, पाच मिनिटांत काम. (बॅकअप घेतला होता. तुम्हीही घ्या, चार्जरही लावून ठेवा.)

शेजारी स्वॅप नसेल तर पार्टिशन न हलवता सामान हलवता येतं. फ्लॅटपॅकची अॅपं ‘--यूजर’ लावून बसवली की ती /होममध्ये जातात. डॉकरला त्याच्या डेमन.जेसन फाइलमध्ये डेटा-रूट बदलून दुसरीकडे पाठवता येतं. हट्टी फोल्डरासाठी, म्हणजे समजा अख्खं /व्हार/लिब/फ्लॅटपॅक, ते /होमच्या पार्टिशनवर हलवून जुन्या जागी बाइंड माउंट करा आणि तशी ओळ एफएसटॅबमध्ये टाका. सिमलिंकपेक्षा (दुसऱ्या जागेकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइलीपेक्षा) हे बरं. काही प्रोग्रॅम सिमलिंक पाहून बिथरतात.

एलव्हीएम (साध्या पार्टिशनांऐवजी एका सामाईक गटातून व्हॉल्यूम काढायची पद्धत) असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे शेजार वगैरे काही नसतं. गटात मोकळी जागा असली की ‘एलव्हीएक्सटेंड -आर’ एका झटक्यात व्हॉल्यूम आणि फाइलसिस्टम दोन्ही वाढवतं. गटात जागा नसेल तर मात्र /होम आकसावं लागतं, आणि एक्स्ट४ आकसायला ते अनमाउंट करावंच लागतं. एक्सएफएस ही फाइलसिस्टम तर आकसतच नाही. ते वाढतं फक्त.

नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर

माझं मत आता साफ आहे: भिंती जितक्या कमी, तितकं बरं. लॅपटॉप एकाच माणसाचा असतो. /व्हार, /टीएमपी, /यूएसआर वेगळे करायची पद्धत अनेक वापरकर्त्यांच्या सर्व्हरवरून आलेली आहे आणि तिथे ती शोभते.

डिस्कवर ५१२ जीबी छापलेलं असलं तरी इन्स्टॉलर किंवा जीपार्टेड साधारण ४७६ दाखवेल. डिस्क बनवणारे हजारच्या पटीत मोजतात, सॉफ्टवेअर १०२४ च्या. काही हरवलेलं नाही. पार्टिशन तक्ता जीपीटीच ठेवा. जुन्या एमबीआरमध्ये चारच प्राथमिक पार्टिशनं बसतात, जीपीटीत सहसा १२८.

फक्त लिनक्स असेल तर ईएफआयला १ जीबी द्या. ग्रबला इतकं लागत नाही, त्याचं काही एमबींत भागतं. पण ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट वापरणारी पॉप ओएससारखी वितरणं (लिनक्सचे प्रकार) कर्नल आणि प्रतिमा तिथेच ठेवतात, आणि फर्मवेअर अपडेटलाही तिथेच तात्पुरती जागा लागते. नंतर ते वाढवणं त्रासाचं, कारण ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतं आणि उजवीकडे सगळा बाजार भरलेला असतो. एन्क्रिप्शन हवं असेल तर /बूटला २ जीबी. उरलेलं सगळं एकच रूट. संपलं.

/होम वेगळं केलं की वितरण बदलताना डेटा जागेवर राहतो, हा मुद्दा खरा आहे. दर सहा महिन्यांनी नवं वितरण चढवून बघायची ज्यांना खोड आहे त्यांनी ते वेगळं ठेवावं, पण मग रूटला किमान ६० ते ८० जीबी द्यावेत आणि रूटच्या उजवीकडे वीसेक जीबी मुद्दाम कोरे सोडावेत. कोरी जागा बघून हात शिवशिवतात, पण वर सांगितलेली सगळी सर्कस तेवढ्यात टळते. ज्यांना दोन्ही हवंय त्यांच्यासाठी बीटीआरएफएसचे सबव्हॉल्यूम आहेत: रूट आणि होम वेगळे, जागा सामाईक. फेडोराची डेस्कटॉप आवृत्ती २०२० सालच्या फेडोरा ३३ पासून हेच देते.

स्वॅपचा आकार एकाच प्रश्नावर ठरतो, हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करणं) हवंय का. हवं असेल तर रॅमइतकं, किंवा त्याहून थोडं जास्त, आणि सोपं जावं म्हणून वेगळं पार्टिशन. स्वॅप फाइलवरूनही हायबरनेट जमतं, पण मग फाइल डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते तो आकडा कर्नलला द्यावा लागतो. मात्र सिक्योर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बऱ्याच वितरणांचा कर्नल हायबरनेट करूच देत नाही. १६ जीबी स्वॅप राखण्याआधी ते पाहा. हायबरनेट नको असेल तर ४ जीबीची फाइल किंवा झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप) पुरे.

विंडोज ठेवायचं असेल तर त्याचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आकसा. त्याआधी फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्सला ते पार्टिशन फक्त वाचता येतं. बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज बहुधा आरएसटी किंवा रेड (RAID) मोडमध्ये आहे. ते एएचसीआय करायचं, पण विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून, नाहीतर ते उठणार नाही. ईएफआय पार्टिशन आधीचंच वापरा आणि ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली आहे ना ते बघा. ती एक खूण राहिली की विंडोजचा बूटलोडर जातो. विंडोजने ते १०० एमबीचं केलेलं असलं तरी ग्रबला चालतं.

सगळं झाल्यावर

पार्टिशन हलवलं, उडवलं किंवा नव्याने बनवलं की ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. एफएसटॅबमध्ये राहून गेलेल्या चुका तो दाखवतो. एखादं उडवलेलं पार्टिशन तिथे नोंदलेलं राहिलं तर पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना दीड मिनिट नुसता थांबून राहतो. सिस्टमडी ९० सेकंद त्या पार्टिशनची वाट बघत बसतं. माझ्याकडे एफएसटॅब साफ होतं, तरी सुरुवातीला तीसेक सेकंद जायचे. स्वॅपचा जुना यूयूआयडी (ओळख क्रमांक) /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी मधल्या रिझ्यूम नावाच्या फाइलमध्ये राहिला होता. हायबरनेट मी वापरत नव्हतोच, म्हणून तिथे ‘रिझ्यूम=नन’ लिहिलं, ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवलं, आणि ते तीस सेकंद गेले.